रिपोर्ट ओके, मग पहाटे मासा तोंड वर का काढतो?

मगाशी चहा घेताना एका दादांनी विचारलं, सर, कागदावर तर पाणी ठीक दाखवतात, मग पहाटे चिलापी तोंड वर काढून का धापा टाकते? मी ठरवून आणलेलं भाषण बाजूला ठेवतो, याच्यावरच बोलू, कारण माझी सगळी नोकरी पाणी तपासण्यात गेली पण इतका नेमका प्रश्न मला मीटिंगांमध्येसुद्धा कुणी विचारला नव्हता.

टेबलावर या दोन बाटल्या बघा. दोन्हीत आपल्या उजनी धरणाचंच पाणी, जागा एकच, एक काल दुपारी तीनला भरली आणि दुसरी आज पहाटे साडेपाचला. भरल्या भरल्या त्यात मँगनस सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घातलं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढरट राहतो. दुपारची बाटली काढ्यासारखी झालीय आणि पहाटेची पातळ ताकासारखी. म्हणजे दिवसा हिरवं शेवाळं ऊन खाऊन ऑक्सिजन सोडतं, रात्री ऊन नाही, मग तेच शेवाळं पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि पहाटेपर्यंत माशाला काही उरत नाही. सॅम्पल दुपारी घेतलं तर आकडा झकास येणार, त्यात खोटं काही नाही, पण मासा मरतो पहाटे.

आता हे शेवाळं इतकं माजतं कशावर, तर नायट्रोजन आणि फॉस्फरसवर, जे आपण शेतात टाकतो तेच. शेतातून वाहून येतं ते येतंच, ते मी नाकारत नाही, पण पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी असं करत भीमेत उतरतं आणि भीमा येऊन थांबते ती आपल्या दारात. शौचाच्या पाण्यात, बऱ्याच डिटर्जंटमध्ये फॉस्फरस असतो.

आणि इथे येतात ती सरकारी मानकं, ज्याच्यासाठी तुम्ही मला बोलावलंत. एसटीपीतून, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटमधून, बाहेर पडणारं पाणी किती स्वच्छ हवं याचा जुना आकडा होता बीओडी ३०, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना एका लिटरमागे ३० मिलिग्रॅम ऑक्सिजन खाईल इतकी चालेल. (ही टेस्ट आपल्याकडे २७ डिग्रीवर ३ दिवस करतात, थंड देशांत २० डिग्रीवर ५ दिवस.) नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्राने एक ड्राफ्ट काढला, फार चांगला होता तो, बीओडी १०, शिवाय सीओडी (म्हणजे घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन), अमोनिया आणि एकूण नायट्रोजन यांनाही मर्यादा. मला आठवतं, तो वाचून मी घरी बायकोला फोन केला होता की आता काहीतरी होईल. ऑक्टोबर २०१७ ला फायनल अधिसूचना आली तेव्हा बीओडी मोठ्या शहरांना २० आणि बाकीच्यांना परत ३०, नायट्रोजन गायब, सीओडी गायब. उरलं काय, तर पीएच, बीओडी, गाळ आणि फीकल कोलिफॉर्म म्हणजे विष्ठेतले जिवाणू, एवढं चारच.

एसटीपीत नेमकं काय होतं ते समजून घ्या, कारण सगळी गोम तिथे आहे. टाकीत हवा सोडतात, जिवाणू घाण खातात, बीओडी खाली येतो, पाणी डोळ्याला चक्क नितळ दिसतं. पण फॉस्फरस असा हवेत उडून जात नाही, तो काढायला तुरटी नाहीतर फेरिक क्लोराइड घालावं लागतं किंवा वेगळी रचना लागते, तिला पैसे लागतात. मानकात नाव नसेल तर तो खर्च कोण करेल? तळं हिरवं व्हायला लिटरला एक मिलिग्रॅमचा दहावा भागसुद्धा लागत नाही हो.

मग ३० एप्रिल २०१९ ला हरित लवादाने आदेश दिला, बीओडी १०, सीओडी ५०, नायट्रोजन १० आणि हे नव्या जुन्या सगळ्या प्लांटना, जुन्यांना सुचवलेली सात वर्षांची सवलत नको म्हणून सांगितलं. फॉस्फरसही घेतला, १ मिलिग्रॅम, पण कंसात लिहिलं की तलाव-सरोवरात सोडायचं असेल तर. या कंसावर माझं मन अडून बसलंय. प्लांटचा पाइप कुठे सुटतो, तर नदीत. म्हणजे फॉस्फरस मोजायची गरज नाही. पण ती नदी पुढे जाऊन धरणात थांबते ना! मुठेत टाकलेला फॉस्फरस वाहताना तितका त्रास देत नाही, इथे पाणी साचलं की त्याची जलपर्णी होते आणि तुमच्या जाळ्यात मासा यायच्या ऐवजी ती येते. माझ्या मते धरणाच्या वरच्या अंगाला असलेला प्रत्येक प्लांट तलावात सोडतोय असंच धरायला पाहिजे.

अजून एक, पटकन सांगतो. आंघोळीच्या पाण्याला मानक आहे बीओडी ३ च्या आत आणि फीकल कोलिफॉर्म १०० मिलीमागे ५००, फार तर २५००. उजनीच्या खाली पंढरपूर आहे, आषाढीला माणसं चंद्रभागेत उतरतात. २०१७ च्या आकड्याप्रमाणे प्लांटमधून बीओडी २० ने सोडलेलं पाणी नदीत ३ कसं होणार, तर नदीच्या स्वच्छ पाण्यात मिसळून पातळ होईल या भरवशावर. उन्हाळ्यात पुण्याखाली नदीला ते स्वच्छ पाणी असतं का हे तुम्हीच बघून आलाय.

मागच्या ताईंनी विचारलंय की अर्जात काय मागायचं. 'पाणी दूषित आहे' असं मोघम लिहू नका. लिहा की वरच्या प्लांटच्या आउटलेटचा एकूण फॉस्फरस आणि एकूण नायट्रोजन दर महिन्याचा द्या, आणि धरणातला ऑक्सिजन सूर्योदयाआधी मोजा, तारीख-वेळ टाकून. या बाटल्या मी इथेच ठेवून जातोय, औषधंही आहेत, ज्या पोरांना शिकायचंय त्यांनी उद्या पहाटे पाचला होडीपाशी या, कसं भरायचं ते दाखवतो, बुडबुडा आत राहिला तर टेस्ट फुकट जाते.