मेणवलीची घंटा

नमस्कार श्रोतेहो. वाईला गेलं की आपण ढोल्या गणपतीला हात जोडतो, पसरणी घाट चढतो आणि महाबळेश्वर गाठतो. तीनेक किलोमीटरवर मेणवलीत नाना फडणविसांचा वाडा उभा आहे, तिकडे कोण वळतं? शूटिंगवाले येतात ते घाटासाठी.

मेणवली नानांना 1768 साली इनाम मिळाली. पानिपतातून जीव वाचवून आलेले नाना तेव्हा 26 वर्षांचे. त्यांनी कृष्णाकाठी वाडा बांधला, सहा चौकांचा. पुन्हा सांगतो, सहा चौक! चौक म्हणजे उजेड, वारा, पाऊस, सगळं घराच्या मधोमध. हल्ली हायवेवरच्या दर दुसऱ्या हॉटेलाचं नाव ‘वाडा’; आत पीओपीच्या कमानी आणि पनीर टिक्का. असो. खऱ्या वाड्यातली भिंतीवरची चित्रं मात्र पोपडे धरून बसलीत.

मागच्या दारानं घाटावर उतरलं की मेणेश्वर, आणि तिथंच ती घंटा. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. आजीनं पदरानं घंटेवरची धूळ पुसली, तर खाली बाई दिसली, कडेवर मूल. "अगंबाई, यशोदा!" म्हणत तिनं पुडीतलं कुंकू काढलं आणि लावलंसुद्धा.

काका कळवळला. "आई, ती मेरी आहे. येशूची आई! चिमाजी आप्पांनी 1739 ला वसई घेतली, तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चमधून आणलेली घंटा ही. साल बघ, 1707." नाशिकची नारोशंकराची घंटा, जिच्या नावानं आपण मोठ्या आवाजाच्या माणसाला चिडवतो, तीही वसईचीच बरं का.

आजीनं घंटेकडे पाहिलं. साडेसहाशे किलोचं ते धूड.

"वसईपासून पोराला कडेवर घेऊन आलीय?" आजी म्हणाली. "दमली असेल रे बाई."

आणि पिशवीतलं केळं काढून तिनं घंटेखाली ठेवलं. काकाला काय बोलावं सुचेना. तो नदीकडे तोंड करून उभा राहिला.

आम्ही पायऱ्या चढून वर आलो. केळं मी खाल्लं होतं. आजीला सांगितलं, माकडानं नेलं.