कंदिलाची गोष्ट आणि मुकादमाचा नंबर

(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मी टीबीवर संशोधन करते; माझी ओळख करून देताना ‘अपुऱ्या साधनांतलं संशोधन’ असं म्हटलं गेलं. त्यावर माझी थोडी तक्रार आहे. अशा गोष्टी आपल्याला फार आवडतात. कलकत्त्याच्या कॅम्पबेल हॉस्पिटलमधल्या एका लहानशा खोलीत उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी काळा आजार या जीवघेण्या तापावरचं युरिया स्टिबामाइन हे औषध तयार केलं. खोलीत ना गॅस, ना पाण्याचा नळ. रात्री रॉकेलचा कंदील. गोष्ट खरी आहे. पण ती सांगून टाळ्या घेणारे कधीकधी बजेट मंजूर करणारेच असतात, आणि कंदिलावर भागलं ना, मग आताही भागवा, असा सूर लागतो.

यंत्रांचं दुखणं पूर्वीइतकं राहिलेलं नाही. टीबीचं निदान करणारं ट्रूनॅट आपल्याच देशात बनतं, बॅटरीवर चालतं, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर मावतं. रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतोय का, हेही त्यावर काही तासांत कळतं. पण त्यात घालायचा बेडका कसा आला? ‘थुंका’ म्हटलं की माणूस थुंकतो, आणि डबीत येते लाळ. सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला घट्ट, पिवळसर बेडका हवा. जुन्या पद्धतीने काच रंगवून पाहिली तर निळ्यावर लाल काड्या, म्हणजे टीबीचे जंतू, दिसायला एका मिलिलिटरमध्ये पाच-दहा हजार जंतू लागतात. लाळेत ते कुठून यायचे? डबी उजेडात धरून ‘ताई, ही लाळ आहे, उद्या परत आणा’ असं सांगणारा टेक्निशियन, तीच माझी प्रयोगशाळा. आणि त्याच्या नेमणुकीची ऑर्डर अकरा महिन्यांची! हात बसतो तेव्हा प्रकल्प संपतो.

आपल्या जिल्ह्याचं सांगते. टीबीचे साधे उपचार सहा महिन्यांचे. सुरगाणा, पेठकडची माणसं भातकापणीनंतर टोळ्यांनी दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात आणि होळीच्या सुमारास परततात. म्हणजे पावसाळ्याच्या शेवटी निदान झालेल्या माणसाचे निम्मे उपचार बागेत. आशाताई त्याच्या घरी जाते, तर दाराला कडी. आमच्या तक्त्यात त्याच्यापुढे ‘संपर्क तुटला’ असा शेरा. तुटला कुठे? तो पन्नास-साठ किलोमीटरवर थिनिंग, म्हणजे घडातले मणी विरळ करण्याचं काम, करतोय, तुमच्या-आमच्या ताटातली द्राक्षं टपोरी व्हावीत म्हणून.

उपाय सोपा वाटतो: फॉर्ममध्ये मुकादमाचा नंबर लिहून घ्या. आम्हीही तसंच ठरवत होतो. एका बाईने विचारलं, ‘मुकादमाला कळलं तर टोळीत कोण घेईल?’ मग रकाना बदलला. रुग्णाने स्वतः निवडलेला माणूस, भाऊ नाही तर जाऊ, आणि फोनवर आजाराचं नाव काढायचं नाही. संमतीपत्र छापील मराठीत, घरातली बोली कोकणा, इथल्या आदिवासींची. त्यामुळे ते वाचून दाखवणारी बाईही गावातलीच लागते. संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीच्या फाइलमध्ये यातलं निम्मंच दिसतं.

हे संशोधन आहे का, असं मला विचारतात. तर मद्रासकडे पाहा. १९५६ मध्ये तिथे टीबीच्या रुग्णांवर एक प्रयोग सुरू झाला. काही रुग्ण सॅनेटोरियममध्ये: विश्रांती, चांगला आहार. बाकीचे आपापल्या दाटीवाटीच्या घरात. औषधं दोघांना तीच, वर्षभर. १९५९-६० मध्ये निकाल छापून आले: घरचे रुग्ण जवळपास तितकेच बरे झाले, आणि घरच्यांनाही जास्त लागण झाली नाही. जगभरची सॅनेटोरियमं ओस पडण्यात त्या निकालाचा मोठा वाटा आहे. तो उभा राहिला कशावर? न सांगता घरी जाऊन गोळ्या मोजणाऱ्या, औषध खरंच घेतलं का हे पाहायला लघवी तपासणाऱ्या माणसांवर. घरी उपचार चालतील का, हा प्रश्न लंडनमध्ये कुणाला एवढ्या निकडीने पडला नसता. तिथे खाटा होत्या.

पश्चिम बंगालमधल्या बनगावलाही तेच. १९७१ साली निर्वासितांच्या छावणीत कॉलरा, आणि सलाइनच्या बाटल्या संपत आलेल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपांतून नातेवाइकांच्याच हाती दिला. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं. साखरेबरोबर आतडं मीठ आणि पाणी शोषतं, हे शास्त्र आधीच माहीत होतं. बाटली संपल्यावर ते वापरायचं धाडस तिथे झालं.

आता पालकांचा प्रश्न. मघाशी दारातच एकांनी विचारला: मुलीला मायक्रोबायोलॉजी करायचंय, पुढे काय? एम.एस्सी. किंवा एम.डी., मग फेलोशिप, मग प्रकल्पावरची नोकरी, आणि दर दोन-तीन वर्षांनी नवीन प्रस्ताव. काही नियतकालिकं लेख छापायला डॉलरमध्ये पैसे मागतात, आणि गरीब देशांच्या सवलतीत भारत बऱ्याचदा बसत नाही. परदेशी सहकारी भेटतात, चांगलेही भेटतात; पण नमुने इथले आणि पहिलं नाव तिकडचं, असं होणार असेल तर करारावर सही करण्याआधीच भांडून घ्यावं. नंतर भांडण्यात अर्थ नसतो. मुलीला येऊ द्या. फक्त पहिल्या वर्षी तिला पेपर लिहायला बसवू नका, नमुन्यांच्या नोंदवहीवर बसवा.

आणि माझं म्हणाल तर पुढच्या प्रस्तावात टेक्निशियनचा पगार सलग पाच वर्षांचा लिहिलाय. समिती तो कापेल, याची खात्री आहे. त्यांच्यासाठी जोडपत्रात त्या बाईचा मुकादमाबद्दलचा प्रश्न जसाच्या तसा, कोकणा बोलीत टाइप करून लावलाय. वाचायला कुणाला तरी बोलवावं लागेल त्यांना.