पंचहौदाचा चहा आणि आपली मंडळी

अध्यक्षबाई, पाळकसाहेब आणि मंडळी, पत्रिकेत माझा विषय छापलाय ‘अतिथिप्रेम : रोमकरांस पत्र, अध्याय १२’. बायबलातलं हे पत्र पौलानं रोमच्या ख्रिस्ती मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, लिहिलेलं. तिथं मी पोहोचणार आहे. पण पुण्यात उभं राहून अतिथिप्रेमावर बोलायचं आणि पंचहौदाचा चहा टाळायचा, हे माझ्याच्यानं होणार नाही.

साल १८९०. पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशननं शहरातल्या बड्या मंडळींना व्याख्यानाला बोलावलं. रानडे होते, टिळक होते. बाळ गंगाधर हो, आपले ख्रिस्ती कवी नारायण वामन नव्हेत. व्याख्यान झालं आणि चहा-बिस्किटं आली. कुणी चहा घेतला, कुणी कप हातात धरून तसाच खाली ठेवला. व्याख्यान कशावर होतं ते आज कुणी सांगत नाही, चहा मात्र सगळ्यांच्या लक्षात आहे. आम्हा वक्त्यांना एवढं पुरे! मग गोपाळराव जोशी, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. ख्रिस्त्यांच्या हातचं घेतलं म्हणून ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी पुढं प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारकांची बोलणी खाल्ली.

आपण ही गोष्ट हसत हसत सांगतो. चहा आपला, अडचण त्यांची! पण आपल्यात काय चालतं? नोकरीत बदली झाली तेव्हा एका गावच्या चर्चमध्ये आम्ही नवे होतो. बाकावर बसलो तर एक बाई फार गोड आवाजात म्हणाल्या, ‘ही आमची जागा आहे.’ उपासनेनंतर चहा मिळाला, चांगला मिळाला. सोबत प्रश्नही आले. आडनाव काय? मूळ गाव कुठलं? आजोबा कुठल्या मिशनचे? नगरकडचे का? हे प्रश्न कशासाठी विचारतात ते इथं कुणाला समजावून सांगायला नको. मागच्या रांगेत हसताय, म्हणजे तुम्हालाही विचारलेत. त्या गावी होतो तोवर चहा दर रविवारी मिळाला. घरी या असं कुणी म्हटलं नाही, आणि आम्ही बोलावलं तर दर वेळी कुणाला तरी नेमका ताप यायचा. बायबलातल्या याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्याला बरी जागा देतात आणि गरिबाला उभं करतात. आम्हाला निदान दुसरा बाक तरी मिळाला.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर रोमकरांस पत्र. ‘आतिथ्य करा’ असं पौल बाराव्या अध्यायात म्हणतो, ते कुणाला? रोमी सम्राट क्लौद्यानं यहूद्यांना रोममधून घालवलं होतं. हे पत्र लिहिलं तोवर प्रिस्किल्ला आणि अक्विला, हे यहूदी ख्रिस्ती जोडपं, तिथं परत आलेलं दिसतं. म्हणजे परतलेले यहूदी आणि मागं राहिलेले बिगर-यहूदी पुन्हा एका मंडळीत आले. चौदाव्या अध्यायात एक सगळं खातो, दुसरा भाजीपालाच खातो, आणि दोघं एकमेकांना नावं ठेवतात. म्हणजे भांडण एकाच मंडळीतल्या ताटांचं आहे, वाटसरूंचं नाही. म्हणून पंधराव्यात तो म्हणतो, एकमेकांचा स्वीकार करा. आता, स्वीकार हा वाढणाऱ्यानंच करायचा असतो असं आपण धरून चाललोय. वाढणं सोपं आहे हो, हात वरच राहतो. दुसऱ्याच्या घरी, त्याच्या भांड्यातलं, तो देईल ते खायचं, हे जड जातं. कप खाली ठेवणारे तिथंच अडले होते. येशू बदनाम जकातदार जक्कयाला जेवायला बोलावत नाही. आज मला तुझ्या घरी उतरायचंय म्हणतो. लोक कुरकुरले ते त्यावरच.

तेव्हा नाताळच्या भेटींची यादी करताना, ज्या घरी आपण आजवर पाणीसुद्धा प्यायलो नाही ती घरं आधी लिहा. आमंत्रणासाठी खोळंबू नका, करंज्या मागून खा. अध्यक्षबाई उभ्या राहिल्या. बाराव्या अध्यायातलं उरलेलं पाळकसाहेब रविवारी घेतील.