डोळे मिटल्यावर उठणारी लय

श्रोतेहो, नमस्कार.

गणपती जवळ आले की पुण्यात संध्याकाळी नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू होतो. पार डेक्कनपर्यंत आवाज पोचतो, कारण पन्नास ढोलांवर टिपरू एकाच क्षणी पडतं. मेंदूचंही तसंच आहे. एकट्या पेशीची वीज कवटीबाहेर जाणवत नाही. लाखो पेशी एका ठेक्यात आल्या की डोक्यावर काही मायक्रोव्होल्ट उमटतात. तो आलेख म्हणजे ईईजी.

मी मूळची भौतिकशास्त्राची. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मैत्रिणीला खुर्चीत बसवलं. आदल्या रात्री तिच्या आईनं तेल चोपडलेलं, त्यामुळे डोक्यावर चिकटवायचे इलेक्ट्रोड टिकेनात. दुसऱ्या दिवशी ती केस धुऊन आली. पडद्यावर बारीक, खरखरीत रेघ. म्हटलं, "आता मीट डोळे." क्षणभरात डोक्याच्या मागच्या बाजूला ठसठशीत लाटा उठल्या, सेकंदाला दहा! डोळे उघडले, गायब. आम्ही वीस वेळा तेच केलं. माझी वाट त्या दुपारी ठरली.

या लाटा पहिल्यांदा टिपल्या जर्मनीतल्या येना शहरात, मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी. तरुणपणी लष्करात असताना ते घोड्यावरून पडून थोडक्यात वाचले, आणि त्याच दिवशी घरून तार आली: बहिणीला त्यांची काळजी वाटत होती. एका मनातलं दुसऱ्या मनाला कळतं कसं, याचाच ध्यास त्यांनी घेतला. ते काही सापडलं नाही. पण १९२४ साली माणसाच्या मेंदूची लय कागदावर आली. छापायला त्यांनी पाच वर्षं घेतली. केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी १९३४ मध्ये पडताळलं, तेव्हा कुठे जगानं मानलं.

मलाही पीएचडीच्या मुलाखतीत एका ज्येष्ठांनी सुनावलं होतं, "लाटा म्हणजे कारखान्याचा धूर. धुरावरून यंत्र कळत नाही." फार लागलं ते. उत्तर मला मेंदूसंशोधक ओकीफ आणि रेक यांच्या १९९३ च्या शोधनिबंधात मिळालं. उंदीर एखाद्या जागेतून पुढे सरकतो, तशी त्या जागेसाठीची मेंदूतली पेशी थीटा नावाच्या संथ लाटेच्या प्रत्येक फेरीत थोडी आधी विजेची ठिणगी टाकते. लाटेत ठिणगी कधी पडली, यावरून उंदीर कुठवर आला ते सांगता येतं. धुराला असं वेळापत्रक नसतं.

आता मी साठीपुढच्या माणसांची स्मृती तपासते. सहा आकडे लक्षात ठेवायला सांगितले की कपाळामागची थीटा लय वाढते. परवा एक आजोबा पडद्याकडे बघत राहिले. म्हणाले, "बाळ, हे माझंच का?"

"हो आजोबा. तुमचंच, आत्ताचं."

त्यांनी डोळे मिटले, आणि सगळे आकडे बरोबर सांगितले.