साहेबांचे टार्गेट आणि गॉसप्लान

श्रोतेहो, नमस्कार. रोनाल्ड कोस हा इंग्लंडमधला तरुण विद्यार्थी १९३१ साली शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेला आणि तिथले कारखाने हिंडताना त्याला एक कोडे पडले. सबंध रशिया एका कारखान्यासारखा चालवता येईल असे लेनिन म्हणे आणि पश्चिमेतले पुष्कळ अर्थतज्ज्ञ ते अशक्य मानत; मग एका खात्यातला माल दुसऱ्या खात्यात भाव न ठरवता केवळ साहेबाच्या हुकमाने जातो, असे फोर्डचे अवाढव्य कारखाने चालतात कसे? बाजारात भाव शोधण्याला आणि करार करण्याला खर्च येतो, तो हुकमापेक्षा महाग पडतो तोवर कंपनी वाढत राहते, हे उत्तर त्याने १९३७ साली छापले.

वाढलेल्या कंपनीत पुढे काय होते, हे समजायला मात्र गॉसप्लानचा, म्हणजे सोव्हिएत नियोजन मंडळाचा कारभार पाहावा. झुंबरांचे उद्दिष्ट वजनात दिले की कारखाने झुंबरे जड करीत, अशी तक्रार खुद्द सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी केली होती. उद्दिष्ट ओलांडले की पुढच्या खेपेस ते वाढवून मिळे, म्हणून शहाणा व्यवस्थापक हात राखूनच काम करी.

अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने प्रत्येक ग्राहकाला आपल्या आठ सेवा विकण्याचा ध्यास घेतला, तेव्हा कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारताच लाखो खाती उघडली. २०१६ साली बँकेला साडेअठरा कोटी डॉलर दंड झाला. ही झुंबरेच, फक्त कागदी.

कंपनीबाहेर खरा बाजार असतो, रशियात तो नव्हता, हा फरक मोठा आहे आणि मी तो नाकारत नाही. पण त्या बाजाराची खबर मुख्यालयात पोहोचायला वेळ लागतो. मार्चचा शेवटचा आठवडा आठवा. वितरकाच्या गोदामात जुनी खोकी छतापर्यंत रचलेली असतात, तरी विक्री प्रतिनिधी गयावया करून आणखी पन्नास खोकी त्याच्या गळ्यात मारतो आणि 'एप्रिलमध्ये परत घेतो' असे तोंडी कबूल करतो. दुकानातून एक नगही हललेला नसतो. तरी कंपनीच्या कागदावर ती 'प्रायमरी', म्हणजे कंपनीकडून वितरकाला झालेली, विक्री ठरते, आणि तोच आकडा धरून पुढच्या तिमाहीचे उत्पादन आखले जाते.