दीडशे किलोमीटरांच्या आधी

[दृश्य : इंदूर. प्रशिक्षणाची खोली, टेबलावर पसरलेला काळा पोशाख]

हा पोशाख नीट बघा. जाड, रबरी कापड आणि वेल्क्रोचे रुंद पट्टे. बाळंतपणानंतर अंगावरून रक्त जाऊ लागलं आणि थांबेना, की हा बाईला गुंडाळायचा. सुरुवात घोट्यांपासून. मग पोटऱ्या, मांड्या, ओटीपोट आणि सगळ्यात शेवटी पोट. प्रत्येक पट्टा ताणून, घट्ट. पायांतलं रक्त हृदयाकडे, मेंदूकडे वळतं आणि बाईला पुढच्या दवाखान्यापर्यंत पोहोचायला वेळ मिळतो.

शिकवणाऱ्या सिस्टर रामबागेतल्या. वर्गात हिंदी, आमच्याशी मराठी. "अगं, पोटापासून सुरू केलंस तर सगळंच उलटं होईल. खालून वर." समोरच्या नर्स बडवानी, झाबुआ, अलीराजपूरहून आल्यात. रात्रपाळीला प्रसूतिकक्षात बहुतेकदा त्या एकट्याच असतात.

[दृश्य : सातपुड्याच्या उतारावरची घरं, कच्चा रस्ता]

बडवानी. इकडे नर्मदा, मागे सातपुडा, डोंगरापलीकडे महाराष्ट्र. फलियांमधली, म्हणजे आदिवासी वस्त्यांमधली, घरं टेकडी-टेकडीवर विखुरलेली. पायथ्याशी तीस खाटांचं सरकारी आरोग्य केंद्र. भूल देणारे डॉक्टर इथे नाहीत, रक्तही नाही. अवघड बाळंतीण जिल्हा रुग्णालयात जाते आणि तिथूनही पुढे पाठवावी लागली तर इंदूरला. बडवानी ते इंदूर साधारण १५० किलोमीटर. खलघाटला नर्मदा ओलांडायची, मग मानपूरचा घाट, मग महू.

२०१० साली याच जिल्ह्यातल्या मातामृत्यूंची कार्यकर्त्यांनी एकेक करून नोंद केली, लोक रस्त्यावर उतरले. पुढे २०१२ मध्ये एका वेगळ्या जनहित याचिकेवर निकाल देताना उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने स्पष्ट सांगितलं, की गरोदरपणात, बाळंतपणात बाईचा जीव वाचू नये हा कलम २१ ने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. त्यानंतरचे, २०१८ ते २०२० चे सरकारी आकडे बघा : एक लाख जिवंत जन्मांमागे मध्य प्रदेशात १७३ मातामृत्यू. डोंगरापलीकडच्या महाराष्ट्रात ३३.

[दृश्य : आरोग्य केंद्र, रात्र. फ्रिजचं दार उघडतं]

वार पडलीय, रक्त थांबत नाहीये. सिस्टरचा एक हात बाळंतिणीच्या पोटावर, गर्भपिशवी चोळून घट्ट करण्यासाठी. गर्भपिशवी आवळणारं ऑक्सिटोसिन फ्रिजमधून येतं. ते दोन ते आठ अंशांतच ठेवावं लागतं, म्हणून वीज गेल्यावर फ्रिजकडे कोण बघतं हाही इथे जीवन-मरणाचा प्रश्न. मग रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, एक ग्रॅम, शिरेतून. बाळ झाल्यापासून तीन तासांच्या आत गेलं तर उपयोग. सलाईन सुरू. पोशाख चढतो, घोट्यांपासून.

आणि मग फोन. गाडी निघायच्या आधी.

आमचा सगळा आग्रह या फोनसाठी आहे. पलीकडच्या माणसाने तो उचलला पाहिजे, रक्तगट लिहून घेतला पाहिजे, पिशव्या काढून ठेवल्या पाहिजेत. नुसतं 'रेफर' लिहून बाईला गाडीत बसवलं, की तिचा उपचार रस्ताभर थांबतो. पोहोचल्यावर पहिल्यापासून विचारपूस सुरू होते, तीही बरोबर आलेल्या सासूकडे, जिला बारेलीशिवाय दुसरी भाषा येत नाही.

[दृश्य : चिठ्ठी, अगदी जवळून]

ही चिठ्ठी वाचण्यासारखी आहे. बाळंतपण किती वाजता झालं. किती कपडे भिजले. नाडी, रक्तदाब, कोणतं औषध किती वाजता दिलं. पोशाख कधी चढवला. पलीकडे फोन उचलणाऱ्याचं नाव. सिस्टरनी हे पेन्सिलीने लिहिलंय, कारण पेन रक्ताने चिकट झालं होतं.

[दृश्य : १०८ ची गाडी, घाटाची वळणं, उजाडताना]

जिल्हा रुग्णालयात दोन पिशव्या रक्त मिळालं, तिथून अतिदक्षता विभागासाठी इंदूर. बाई वाचली, बाळही घरी गेलं. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका फलियातली बाई गाडी येण्याआधीच गेली.

[दृश्य : इंदूर, वॉर्ड. घोट्यावरचा पट्टा सुटतो]

काढतानाही खालूनच. एक पट्टा सोडायचा, पंधरा मिनिटं थांबायचं, नाडी आणि रक्तदाब बघायचा, मग पुढचा. घाईत पोटावरचा आधी सोडला तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. नवख्या डॉक्टरांनाही हे शिकवावं लागतं, आणि रामबागेच्या सिस्टर ते पुन्हा पुन्हा शिकवतात.

दुपारी त्याच डोंगरातल्या केंद्राला फोन लावतात. हा फोन करायला त्यांना कुणी सांगितलेलं नाही. "तुमची पेशंट बोलायला लागली. चिठ्ठी छान होती. फक्त पुढच्या वेळी लघवी किती झाली तेही लिहा, आणि केंद्राचा दुसरा नंबर द्या, पहिला लागत नव्हता."