‘महिन्याला किती झेपेल?’

मंडळी, मंडळाच्या ईमेलमध्ये आजचा विषय दिलाय: नवी गाडी घेताना रिबेट, म्हणजे किमतीतली रोख सूट, घ्यावी की कमी व्याजाचं कर्ज? त्याचं उत्तर देणार आहे, अगदी आकड्यांसकट. पण आधी एका प्रश्नाचा समाचार घेऊ द्या. अमेरिकेतल्या कुठल्याही शोरूममध्ये शिरा. हस्तांदोलन होतं, पाण्याची बाटली येते आणि लगेच विचारलं जातं, ‘महिन्याला किती झेपेल?’

या सभागृहात निम्मे इंजिनिअर असतील. घरखर्चाचं स्प्रेडशीट ठेवणारी, विमानाच्या तिकिटासाठी सहा साइट्स धुंडाळणारी ही माणसं या प्रश्नाला मात्र झटकन खरं उत्तर देतात. ‘पाचशेपर्यंत.’ संपलं! आता गाडीची किंमत काय, याची चर्चाच होणार नाही. पाचशेत काय काय कोंबता येईल, एवढंच बघितलं जाईल.

कसं कोंबतात ते बघा. ३०,००० डॉलरचं कर्ज, ७ टक्के व्याज. ६० महिन्यांना हप्ता येतो ५९४. तुम्ही नाक मुरडता. ७२ महिने केले की ५११, आणि ८४ केले की ४५३. ‘बघा, तुमच्या बजेटच्याही खाली आणलं!’ व्याज मात्र ५,६४२ वरून ८,०३३ वर गेलेलं असतं. शिवाय पाचशेला अजून ४७ डॉलर कमीच आहेत ना? मग त्यात वाढीव वॉरंटी, पेंट प्रोटेक्शन आणि टायरमधला नायट्रोजन बसवतात. (हवेत ७८ टक्के नायट्रोजन फुकट असतो, हे इथे कुणाला सांगायला नको.) ४७ गुणिले ८४ म्हणजे ३,९४८ डॉलर. आणि सात वर्षांच्या कर्जात गाडीची किंमत कर्जापेक्षा वेगानं उतरते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी विकायला गेलात, तर गाडी देऊन वर खिशातून पैसे भरायची पाळी येऊ शकते.

या प्रश्नामागे एक कागदही असतो. धंद्यात त्याला ‘फोर-स्क्वेअर’ म्हणतात. चार चौकोन: जुन्या गाडीचे पैसे, नव्या गाडीची किंमत, डाउन पेमेंट, मासिक हप्ता. तुम्ही किंमत कमी करायला लावली, की जुन्या गाडीचा भाव हळूच उतरतो. तो चढवून घेतलात, की व्याजदर किंवा मुदत वाढते. पाणी तेच, भांडं बदललं. मधूनमधून सेल्समन ‘मॅनेजरशी भांडून येतो’ म्हणून आत जातो. आत भांडण होतं की कॉफी, देव जाणे. पण तुमचा पाऊण तास जातो, आणि थकलेला माणूस सही करतो.

तेव्हा हप्त्याच्या प्रश्नाला एकच उत्तर: ‘आधी आउट-द-डोअर किंमत ठरवू.’ म्हणजे टॅक्स, रजिस्ट्रेशन, डॉक फी (डीलरचा कागदपत्रांचा आकार), सगळं धरून गाडी दाराबाहेर नेण्याची किंमत. चार-पाच डीलरांना ईमेल करा, स्टॉकमधल्या नेमक्या गाडीचा व्हीआयएन (ओळख क्रमांक) द्या आणि प्रत्येक रक्कम वेगळी लिहून मागा. डॉक फीवर काही राज्यांत कायद्याची मर्यादा आहे, काही ठिकाणी डीलर मनाला येईल ती लावतो. तसं असेल तर तेवढी रक्कम गाडीच्या किमतीतून उतरवून घ्या. जुन्या गाडीचा विषय नव्या गाडीची किंमत ठरल्यावरच काढायचा, आणि बाहेरून तिची एक लेखी ऑफर हातात ठेवायची.

काचेवरच्या स्टिकरबद्दल एक सांगतो. त्याला मन्‍रोनी स्टिकर म्हणतात, ओक्लाहोमाच्या सिनेटरच्या नावावरून. १९५८चा कायदा आहे. त्यावर कंपनीची सुचवलेली किंमत आणि वाहतूक खर्च छापलेला असतो. शेजारी तसाच दिसणारा दुसरा कागद चिकटवलेला असेल, तर तो डीलरचा. ‘मार्केट अ‍ॅडजस्टमेंट’ वगैरे कविता, म्हणजे डीलरनं वर चढवलेली रक्कम, त्याच्यावर असते. ती पूर्ण खोडायला सांगता येते.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. बरं, आता मूळ विषय, जरा घाईनं.

रिबेट दोन प्रकारची. ग्राहकाला मिळणारी कंपनीच्या साइटवर जाहीर असते. डीलरला मिळणारी सहसा तुम्हाला कुणी सांगत नाही. ग्राहकाची रिबेट कंपनीच्या खिशातून येते, त्यामुळे घासाघीस तिच्या आधीच्या किमतीवर करायची. ‘अडीच हजार सोडले’ म्हणणाऱ्याला विचारा, यात तुमचे किती? बऱ्याच राज्यांत कंपनीच्या रिबेटवरही सेल्स टॅक्स लागतो, डीलरनं सोडलेल्या पैशांवर लागत नाही. जाहिरातीतल्या किमतीत नवपदवीधर, सैनिक, जुना ग्राहक अशा सगळ्या सवलती एकत्र ठोकलेल्या असतात. एकाच माणसाला त्या सगळ्या लागू होणं कठीणच.

आता गणित. ३०,०००ची गाडी, एकतर १.९ टक्के व्याज, नाहीतर २,५०० रिबेट आणि बाहेरचं कर्ज ६ टक्क्यांनी. ६० महिन्यांना कमी व्याजात एकूण ३१,४७१ जातात, रिबेट घेतलीत तर ३१,८९९. म्हणजे कमी व्याज ४२८ डॉलरनं सरस. हेच ३६ महिन्यांना करा: कमी व्याजात ३०,८८७ आणि रिबेटमध्ये ३०,११८. निकाल उलटला! मुदत ६०च ठेवून १०,००० रोख भरलेत, तरी रिबेटच ६८१ डॉलरनं पुढे जाते. कारण सोपं आहे: रिबेट ठरलेली असते, व्याजातली बचत मात्र किती पैसे किती दिवस उसने घेता त्यावर वाढते. कर्ज मोठं आणि लांब असेल तर कमी दर घ्या; छोटं किंवा लवकर फिटणारं असेल तर रिबेट. मोघम उत्तर नको, स्वतःचे आकडे घालून बघा. आणि हा कमी दर उत्तम क्रेडिट स्कोअरवाल्यांनाच मिळतो. तेही बऱ्याचदा ठरावीक मॉडेलवर, ठरावीक मुदतीला.

शोरूमला जायच्या आधी क्रेडिट युनियनकडून (सभासदांच्या पतसंस्थेकडून) प्री-अप्रूव्हल, म्हणजे कर्जाची आगाऊ मंजुरी घ्या. १४ दिवसांच्या आत केलेल्या वाहनकर्जाच्या चौकश्या स्कोअरसाठी एकच धरल्या जातात, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी विचारायला घाबरू नका. डीलरमार्फत कर्ज घेतलंत, तर बँकेनं त्याला समजा ५.५ टक्के सांगितलेले असतात आणि तो तुम्हाला ७.५ सांगू शकतो. फरकातला वाटा त्याचा. ३०,०००वर ६० महिन्यांत हा फरक १,६८६ डॉलरचा होतो. हातात दुसरी ऑफर असली, की हे दोन टक्के चटकन उतरतात.

कर्ज पक्कं झाल्याशिवाय गाडी घरी नेऊ नका. नाहीतर आठवड्यानं फोन येतो, ‘मंजुरी मिळाली नाही, नव्या दरानं सही करायला या.’ तोवर जुनी गाडी त्यांच्या ताब्यात गेलेली असते. आणि शेवटच्या करारावर १९६८च्या कायद्यानं छापावे लागणारे चार आकडे बघा: एपीआर (कर्जाचा वार्षिक दर), एकूण व्याजखर्च, कर्जाची रक्कम, एकूण हप्त्यांची बेरीज. कर्जाची रक्कम तुमच्या आउट-द-डोअर किमतीतून रिबेट, डाउन पेमेंट आणि जुन्या गाडीचे पैसे वजा केल्यावर येते तेवढीच हवी. जास्त असेल तर मधे काहीतरी घुसवलंय. ते कोणतं, हे ओळीवर बोट ठेवून दाखवेपर्यंत पेन उचलू नका.